तीन आठवडे लपवलेली गोष्ट

क्विन्सी, 10 ऑगस्ट 2025

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगणार होतो, पण आईचा आवाज ऐकला की शब्द फुटत नाही, म्हणून लिहितोय. तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरी गेली. दहा वर्षांतली ही पाचवी कंपनी. बाबा, दर वेळी तुम्ही विचारता, "अरे, कुठे तरी टिकशील का?" 34 वर्षं एकाच बँकेत काढलेला माणूस हेच विचारणार, ते मला कळतं. पण लागतं.

2022 मध्ये आपण बॉस्टनच्या फेनवे मैदानावर बेसबॉल बघायला गेलो होतो, आठवतं? आईने पर्समधून चिवड्याची पुडी काढली होती. 42 वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता, रिच हिल. तुम्ही म्हणालात, "हा तर आपला फिरकीवाला!" बाकीचे ताशी दीडशे किलोमीटरने फेकत होते आणि याचा कर्व्हबॉल 115-120 ने तरंगत यायचा, बॅटरच्या पुढ्यात येऊन एकदम गुडघ्याखाली बुडायचा. दर वेळी तुम्ही मान डोलवायचात.

तो शेजारच्या मिल्टन गावचा. 2005 मध्ये शिकागो कब्ज संघाकडून सुरुवात केली. पुढे खांद्याचं ऑपरेशन, मग कोपराचं. संघ घ्यायचे, सोडायचे. 2014 मध्ये त्याचं जेमतेम दोन महिन्यांचं बाळ गेलं. ते वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो.

2015 चा उन्हाळा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. वय 35, खालच्या लीगमधूनही सुट्टी मिळालेली. मोठ्या लीगशी संबंध नसलेल्या लाँग आयलंड डक्स संघात गेला आणि दोन सामन्यांत 11 इनिंग (एका सामन्यात नऊ डाव असतात, ते) टाकल्या. त्यावर बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने बोलावलं. तिथे पिचिंगचा अभ्यास करणाऱ्या ब्रायन बॅनिस्टरने त्याला सांगितलं, तुझा कर्व्हबॉल उत्तम आहे, तोच जास्त टाक. सप्टेंबरात पहिल्याच सामन्यात 7 इनिंग, 10 बॅटर स्ट्राइकआउट (चेंडू न मारताच बाद), धाव एकही नाही. पुढच्या वर्षाअखेर लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने तीन वर्षांसाठी 4.8 कोटी डॉलर दिले.

माझी नोकरी गेली त्याच आठवड्यात तो 45 व्या वर्षी कॅन्सस सिटी रॉयल्सकडून कब्जविरुद्ध उतरला, त्यांच्याच रिग्ली फील्डवर. हा त्याचा चौदावा संघ. इतके संघ त्याच्याआधी फक्त एडविन जॅक्सन या पिचरचे झाले होते. दोनच सामने मिळाले, मग रॉयल्सनेही सोडलं.

बाबा, हा माणूस टिकला नाही, असं तुम्ही म्हणाल का? खरंच विचारतोय, तुमचं उत्तर हवंय.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, ग्रीन कार्ड असल्याने व्हिसाची चिंता नाही. गुरुवारी मुलाखत आहे. आई, तू माझ्यासाठी उपास धरू नकोस, गुडघ्याचे व्यायाम तेवढे चुकवू नकोस. शनिवारी फोन करेन. आधी बाबांना दे.

तुमचाच,
बाळ्या