मालदांडीला हक्काचा भाव हवा

महोदय,

मंगळवेढ्याच्या काळ्याभोर रानात परतीच्या पावसावर पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे पाण्याची एकही पाळी न घेता, मातीत मुरलेल्या ओलीवर पोसते. कडबा जनावरांना, शेणखत पुन्हा रानाला. रासायनिक खताची फारशी गरजच पडत नाही. कोरडवाहू भागाची खरी सेंद्रिय शेती ती हीच. २०१६ मध्ये या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी शेजारच्या उसाला कारखान्याचे हक्काचे गिऱ्हाईक आणि ज्वारी मात्र आडतीत पडेल त्या भावाला, हे संतापजनक आहे. शासनाने ती थेट शेतकऱ्यांकडून घेऊन शाळा-अंगणवाड्यांच्या पोषण आहारात भाकरीच्या रूपाने द्यावी. सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्चही लहान शेतकऱ्याच्या माथी मारू नये.

– एक वाचक, सोलापूर