माटोळीखाली इंग्रजीचा तास

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सणांच्या निमित्ताने प्राथमिक वर्गात इंग्रजी शिकवायची पद्धत आता आपल्या गोव्यातही रुळली आहे. कल्पना चांगली आहे, कारण त्या दिवसांत मुलांकडे सांगण्यासारखे भरपूर असते. पण प्रत्यक्ष तासाला येतो तो इंटरनेटवरून उतरवलेला कागद: बर्फाचा माणूस, भोपळ्याचा दिवा, भाजलेली टर्की. सत्तरी तालुक्यातल्या तिसरीच्या मुलाला आधी ती वस्तू समजावायची, मग तिचे नाव शिकवायचे. तोवर चित्र रंगवण्यात तास संपतो आणि तोंडून एक वाक्य निघत नाही. सण इथलाच घ्यावा आणि एका सणाला वाक्याची एकच रचना बांधावी, एवढेच आमचे म्हणणे. शब्दांपासून सुरुवात केली की वीस नामे पाठ होतात, क्रियापद मात्र एकही वापरता येत नाही.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगलेली चौकट बांधतात ती माटोळी. ही माटोळी म्हणजे अबव्ह, बिलो, बिटवीन, नेक्स्ट टू या शब्दांचा तयार तक्ता. चौथी-पाचवीच्या मुलांना जोडीने बसवावे आणि प्रत्येकाला ४ × ४ चौकोनांची रिकामी माटोळी द्यावी. नारळ, चिबूड, दोडके आणि केळ्यांचा घड या चार वस्तू दोघांच्या कागदावर त्याच जागी काढलेल्या हव्यात. शिवाय प्रत्येकाकडे चार वस्तू अशा, की ज्या दुसऱ्याकडे नाहीत. एकाकडे तोरिंग (पपनस) आणि अंबाडे, तर दुसऱ्याकडे सुपारीचा घोस आणि कवंडळ, अशा. आपल्याला काय शोधायचे आहे त्याची यादी कागदाच्या तळाशी लिहावी. मग एकाने विचारायचे, ‘व्हेअर इज द पोमेलो?’ दुसऱ्याने सांगायचे, ‘इट इज बिलो द कोकोनट.’ ऐकणाऱ्याने योग्य चौकोनात ते काढायचे. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले की चूक कुठे झाली ते मुलेच दाखवतात. कवंडळाला इंग्रजी नाव शोधत बसू नये. कवंडळच म्हणावे.

हा खेळ फसतो तो बहुधा सामाईक चार वस्तू गाळल्यामुळे. कशाच्या खाली, कशाच्या शेजारी, हे सांगायला आधारच उरत नाही. मग मुले ‘तिसऱ्या ओळीत दुसरा’ असे मराठीत सांगून मोकळी होतात. दुसरी अडचण ‘नेक्स्ट टू’ची: शेजारचे चौकोन दोन असतात. ती काढून टाकू नये. त्यामुळेच मुलाला ‘लेफ्ट ऑर राइट?’ असे खरोखर विचारावे लागते, आणि गरजेपोटी विचारलेला प्रश्न घोकलेल्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त टिकतो. जोड्या पाठीला पाठ लावून बसवाव्यात, नाहीतर सगळा खेळ डोकावण्यात जातो. पस्तीस मिनिटांच्या तासात शब्दांना ५, फळ्यावर नमुना दाखवायला १०, खेळाला १५ आणि तपासणीला ५ मिनिटे पुरतात. नमुन्याची दहा मिनिटे वाचवायला गेलात तर खेळाची पंधराही वाया जातात.

सुटी संपल्यावर ‘माझी चवथ’ या विषयावर दहा ओळी लिहून घेण्याऐवजी भूतकाळ घ्यावा, आणि तोही ईट, गो, मेक, बाय, सी, सिंग या सहाच क्रियापदांचा. मुलांनी वर्गात फिरून ‘डिड यू मेक नेवरी (करंजी)?’, ‘डिड यू गो टू अ फेअर?’ असे विचारत प्रत्येक प्रश्नाला ‘येस’ म्हणणारे एक नाव मिळवायचे. ‘डिड यू एट’ ही चूक हमखास होते. म्हणून फळ्यावर प्रश्नातले रूप एका रंगात आणि उत्तरातले दुसऱ्या रंगात लिहून ठेवावे. प्रश्न सुटीबद्दल असावेत, पूजेबद्दल नकोत. एखाद्या घरी सुतक असते, आणि वर्गात चवथ नसलेल्या घरांतली मुलेही असतात.

दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी क्रम दाखवणारे शब्द घ्यावेत. बांबूचा सांगाडा, त्यावर सुके गवत, मग कागद, रंग, रात्रीची मिरवणूक आणि पहाटे दहन, अशा सहा वाक्यांच्या पट्ट्या कापून जुळवायला द्याव्यात. मुखवट्याची पट्टी मुद्दाम टाळावी. तो आधीही रंगवतात, नंतरही, त्यामुळे उत्तरावरून भांडण होते.

नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, पेरतात ती नाचणी मात्र तुलनेच्या पाठाला सोन्यासारखी आहे. १० डिसेंबरच्या सुमारास, रात्रभर भिजवलेली नाचणी दोन पसरट ताटांत दोनेक सेंटिमीटर मातीवर दाट पेरावी. एक ताट खिडकीत ठेवावे, एक बंद कपाटात. पहिले दोन दिवस ओले फडके झाकावे, नाहीतर मुंग्या दाणे पळवतात. पाणी शिंपडावे, ओतू नये, मुळे कुजतात. कोंब दिसू लागले की दर दोन दिवसांनी पट्टीने मोजून एक वाक्य लिहायचे: ‘इट इज टॉलर दॅन ऑन मंडे.’ मोजण्याआधी कोणते ताट उंच होईल ते मुलांना विचारावे. बहुतेक जण खिडकीतले सांगतात. पण प्रकाशाच्या शोधात अंधारातले कोंबच जास्त लांबतात, फक्त पिवळे पडतात. ‘टॉलर, बट नॉट ग्रीनर’ असे बोलायला खरे कारण मिळते. रविवार आणि १९ डिसेंबरची मुक्तिदिनाची सुटी यांचे रकाने कोरे राहतील, ते राहू द्यावेत. पाणी घालायला मात्र शाळेजवळचा कोणीतरी नेमून ठेवावा.

सांजांव, म्हणजे विहिरीत उड्या मारण्याचा ख्रिस्ती सण, येतो २४ जूनला. तेव्हा पहिलीची मुले शाळेला नुकती सरावत असतात. त्यांना ‘जंप’, ‘स्टॉप’, ‘टर्न’ एवढ्या आज्ञा आणि वर्गातच खडूने आखलेली विहीर पुष्कळ झाली.

शिक्षण खात्याला एक विनंती. शाळांच्या केंद्र पातळीवरच्या पहिल्याच बैठकीत सण आणि वाक्यरचना असा दोन रकान्यांचा तक्ता शिक्षकांकडून करून घ्यावा, पण त्यावर तारखा छापू नयेत. चवथ कधी ऑगस्टच्या अखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. गेल्या वर्षीचा तक्ता तसाच वापरला तर सण होऊन गेल्यावर त्याच्या तयारीचा पाठ येतो.

आपले,
काही प्राथमिक शिक्षक, डिचोली तालुका