चि. मीनल, बफेलोला निघण्याआधी

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कुणी ठेवला, तू की मी, हे आई अजून विचारते आहे. मीच ठेवला. भांडताना आपण दोघंही इंग्रजीत शिरतो आणि मग बोलणं हाताबाहेर जातं, म्हणून हे मराठीत लिहितो आहे. वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे.

जाऊ नकोस असं मी आता म्हणणार नाही. आयसीयूतली ही नोकरी तुला किती वर्षं हवी होती ते मला ठाऊक आहे. फक्त गाडीच्या सायलेन्सरच्या नळीबद्दल एकदा सांगतो, म्हणजे विषय संपला.

तू म्हणालीस, "बाबा, ते अठ्ठ्याहत्तर साल होतं." होतं खरं. ६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. पहाटेपासून बर्फ पडेल असं सांगितलं होतं, पण सकाळी पाहतो तर आकाश नुसतं राखाडी. सगळे कामाला निघाले. पंधरा-सतरा दिवसांपूर्वीच बॉस्टनमध्ये २१ इंच पडला होता आणि तो आम्ही निस्तरला होता, त्यामुळे भीती कुणालाच नव्हती. आई दारात उभी राहून म्हणाली, आज नका जाऊ. दादा पोटात होता तेव्हा. मी गेलो. तू परवा बोललीस ना, अगदी तसंच बोलून गेलो.

दुपारी ऑफिसं सुटली आणि सगळी माणसं एकाच वेळी बॉस्टनभोवतीच्या हमरस्त्यावर, रूट १२८ वर आली. तासाला दोन-तीन इंच बर्फ, आणि वारा असा की बर्फ वरून न पडता आडवा येत होता. डेडहॅमच्या पुढे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. त्या रस्त्यावर तीन हजारांवर गाड्या आणि पाचशे ट्रक अडकले होते हे नंतर पेपरात वाचलं. त्यातली एक आपली जुनी प्लिमथ.

मी हीटर चालू ठेवला. थंडी होती, टाकी अर्धी भरलेली होती, काचा बंद होत्या. डोकं जरा जड झालं, झोप आली. दमलोय म्हणून येते आहे असं वाटलं. मीनल, मला काहीही कळलं नाही. वास नाही, धूर नाही, घुसमट नाही. उलट बरं वाटत होतं.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर काच वाजवत होता, त्याने जाग आली. जाग आली याचा मला रागच आला होता. त्याने दार ओढून मला बाहेर काढलं आणि मी तिथेच बर्फात ओकलो. मग त्याने मला गाडीच्या मागे नेऊन दाखवलं: बंपरपर्यंत बर्फ, नळी पूर्ण गाडलेली. सगळा गॅस खालून आत येत होता. माझ्याकडे फावडं नव्हतं. जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण होतं. रात्रभर त्या झाकणाने मी नळी मोकळी करत राहिलो. तासाला दहा मिनिटं इंजिन, तेही नळी पाहून मग, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं खाली. झाकणाची कड वाकली. अजूनही ते त्या डब्यावर घट्ट बसत नाही, आणि आई नवीन डबा घेऊ देत नाही.

मध्यरात्रीनंतर मी आणि तो ड्रायव्हर आलटून पालटून पुढच्या-मागच्या गाड्यांच्या काचा वाजवत फिरलो. कुणी आतून हात हलवायचं, कुणी शिव्या द्यायचं. एका गाडीवर आम्ही बराच वेळ वाजवलं. पुढचं लिहीत नाही. डेडहॅमजवळ १४ माणसं अशी गेली, गाडीत बसल्या बसल्या.

हे सगळं तुला पाठ आहे. तू नर्स आहेस, नळीतून येणारा तो गॅस, कार्बन मोनॉक्साइड, रक्तात काय करतो ते तू मला शिकवशील. मी तुला शिकवायला बसलो, माफ कर. पण तुझ्याकडे येतो तो पेशंट, त्याची काच कुणीतरी वाजवलेली असते म्हणून तो येतो.

मंगळवारी सकाळी आम्हाला नीडहॅमच्या एका चर्चमध्ये नेलं. फोनला ही मोठी रांग. आई फोनवर रडली नाही. तिने विचारलं, "मोजे ओले आहेत का?" होते. तिथल्या एका आजींनी नवऱ्याचे लोकरीचे मोजे दिले, ते मी परत करायचे राहिले ते राहिलेच. बर्फ संध्याकाळपर्यंत पडत होता, बॉस्टनला २७.१ इंच. पुढे जवळजवळ आठवडाभर गाड्या चालवायला बंदी. गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर यायचे. भर रस्त्यात लोक स्की करत होते.

आणि एक गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. त्या बंदीत आमच्या गल्लीतून एक जीप रोज सकाळी जायची, नर्सना घरून उचलून हॉस्पिटलला न्यायची. आई खिडकीत उभी राहून बघायची. तू नर्सिंगला जाते म्हणालीस तेव्हा मी गप्प बसलो होतो आणि तुला ते लागलं होतं. मला ती जीप आठवत होती गं. अभिमान वाटला, आणि पोटात गोळाही आला.

म्हणून म्हणतो, जीप येईल तर जीपने जा, नाहीतर हॉस्पिटलमध्येच झोप. बफेलो म्हणजे बॉस्टन नव्हे, ते एरी सरोवराच्या काठावर आहे. सरोवर गोठलेलं नसलं की त्यावरून येणारा गार वारा वाफ उचलतो आणि शहरावर बर्फ ओततो. गोठलेलं असलं तरी सुटका नाही; १९७७ च्या जानेवारीत सरोवरावर साचलेला भुसभुशीत बर्फच वाऱ्याने उचलून शहरात आणून टाकला. २०२२ च्या नाताळात तिथे चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीतच. तेव्हा तर गाड्यांना बंदी होती. हे अठ्ठ्याहत्तर साल नाही, मीनल.

पुन्हा तेच. आई म्हणते, पत्र आटोपतं घ्या.

तुझं घर हवेशीर आहे असं दादा सांगत होता. पडदे आई पाठवते आहे. शनिवारी मी येतो, खोकी उचलायला नाही, त्याला दादा आहे. एक लहान फावडं आणलं आहे, ते द्यायला. ते डिकीत टाकू नकोस. डिकी गोठली किंवा गाडली गेली तर उघडत नाही. आत ठेव, तुझ्या सीटच्या मागे, हात पोचेल असं.

बाबा