पंधरा फुटी माळा

बेळगाव,
आषाढ, पाऊस थांबायचं नाव नाही

प्रिय मित्रा,
स. न.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. शिव्या घालायच्या आधी कारण ऐक. उन्हाळाभर मी जांबोटीच्या अलीकडं एका शेतात होतो. सोबत आर्किटेक्चरची अकरा पोरं-पोरी आणि एक सुतारमामा. आम्ही टेहळणीचा लाकडी मनोरा बांधला. छोटासाच, माचीपर्यंत 15 फूट. भाताच्या सुगीत गवे आणि डुकरं येतात, तेव्हा रात्री बसायला शेतवाल्याला काहीतरी हवंच होतं. आणि मला या पोरांच्या हातात एकदा तरी पटाशी द्यायची होती. कॉम्प्युटरवर चाळीस मजले चढवतात, खिळा ठोकायला सांगितला की अंगठा चेचून घेतात.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर एकच फोटो. हेलसिंकीच्या कोर्केअसारी प्राणिसंग्रहालयातला 'कुप्ला' नावाचा लाकडी टेहळणी मनोरा. विले हारा यानं विद्यार्थी असताना त्याचा आराखडा केला आणि 2002 मध्ये सोबतच्या विद्यार्थ्यांना घेऊन तो उभारला. 10 मीटर उंच, वाकवून पीळ दिलेल्या 72 पट्ट्यांची जाळी, सहाशेच्या वर बोल्ट. दिसतो बुडबुड्यासारखा. "सर, असंच करूया!" मी म्हटलं, बाबांनो, आपल्याकडं आहे ते पाडलेल्या घराचं जुनं सागवान. ते वाकवायला गेलात तर ते तुम्हालाच वाकवेल.

मग त्यांना आपल्या पीक राखायच्या माळ्याची गोष्ट सांगितली. जमिनीत पुरलेले चार खांब, वर आडवी लाकडं, त्यावर पेंढा, आणि गोफण फिरवता फिरवता खाली चिखलात बसलेला तू. (नाव सांगितलं नाही, घाबरू नकोस.) हुबळीकडची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडं याला अट्टणिगे म्हणतात, आजोबा त्यावरच झोपायचे. त्यानंतर बुडबुड्याचं नाव कुणी काढलं नाही.

खराट्याच्या हिरांची मॉडेलं केली. एका पोराला लांब हीर उभा धरून वरून दाबायला लावला. लगेच वाकला. मधोमध दोन बोटांनी नुसता धरून ठेवला, तर दाब कितीतरी जास्त सोसला. खांबाची मोकळी लांबी निम्मी केली की तो चौपट भाराला वाकतो, हे ऑयलर या गणितज्ञाचं सूत्र त्यांना पाठ होतं, पण चेहऱ्यावर उजेड पडला तो हिरानं. म्हणून मनोऱ्याला मध्यावर आडव्या पट्ट्यांचा एक फेर आला आणि चारही अंगांना फुल्या आल्या. फुली नसली तर चौकट वाऱ्याबरोबर डुलते. आपला माळा डुलायचाच, आठवतंय?

आता माझी फजिती. मनोऱ्याचे पाय खाली फाकवलेले: तळ 9 फुटांचा चौरस, माची 6 फुटांची. म्हणजे प्रत्येक पाय दोन्ही दिशांना दीड-दीड फूट कलतो. दोन पायांची लांबी एका गटानं काढली, दोन पायांची दुसऱ्यानं. एकानं दोन्ही कल धरले, पाय 15 फूट पावणेदोन इंचांचा आला. दुसऱ्यानं एकच कल धरला, त्याचा पाय जवळजवळ इंचभर कमी भरला. दोन्ही कागदांवर सही माझी! पाय उभे राहिले, माचीची चौकट चढली, आणि मामांनी खिशातली लिंबाची गोळी फळीवर ठेवली. गोळी घरंगळत गेली आणि कडेवरून खाली पडली.

"काय करूलासा सर? कोपऱ्याचं तिरकं इसरलासा जणू."

अकरा जण माझ्याकडं बघतायत, तू कल्पना कर. लांबवाल्या दोन पायांचे तळ कापायचं ठरलं. ते कापताना जुन्या लाकडात दडलेला खिळा लागला आणि करवतीचे दात गेले. मामा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, जेवताना भाकरी मात्र पुढं सरकवली.

खरा शत्रू पाणी. आपल्या माळ्याचे खांब मातीत पुरलेले असायचे आणि जमिनीलगतच कुजायचे, पण तो एका पिकापुरता, सुगी झाली की चुलीत. याला निदान पंधरा पावसाळे काढायचे आहेत. म्हणून एकही पाय मातीत नाही. जांभ्याच्या चौथऱ्यावर लोखंडी बूट, त्यात पाय, तळाशी हवा खेळेल एवढी फट. लाकूड पाणी पितं ते आडव्या कापावरून, म्हणून खांबांची डोकी उतरती कापून वर पत्र्याच्या टोप्या घातल्या. माचीच्या फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी जागा सोडली. पोरांना त्या टोप्या आवडल्या नाहीत, ड्रॉइंगमध्ये चांगल्या दिसत नाहीत म्हणे. मी ऐकलं नाही. सगळ्यात जास्त भांडण कठड्यावरून झालं. त्यांना बारीक, नाजूक हवा होता. शेवटी अकराही जण एकाच बाजूला टेकून उभे राहा म्हटलं, तेव्हा स्वतःच मधला खांब वाढवायला निघाले.

परवा पाऊस ओसरला तेव्हा एकटाच जाऊन आलो. खाली रोप लावण चाललेली, कणकुंबीच्या बाजूला काळंकुट्ट. माचीवर पाणी ठरलं नव्हतं. दोन बोल्ट थोडे आवळावे लागले, तेवढंच. आणि खालून सातवी पायरी पाय पडला की कुईं करते. का करते ते अजून सापडलेलं नाही. मामा म्हणतात, राहू दे की, रात्री कोण वर येतंय ते तरी कळेल.

दिवाळीत येशील तेव्हा भात कापणीला आलेला असेल. रात्री बसायला शेतवाल्यानं आत्ताच हो म्हटलंय. तुझ्या आईकडं ती गोफण अजून आहे का बघ. आणि चढताना सातव्या पायरीवर घाबरू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझाच