उसने शब्द

ठाणे, वर्तकनगर

प्रिय बंड्या,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. बाबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून प्रार्थनेला गुडघे टेकले की दोन मिनिटांत शब्द संपतात, मग नुसता पंख्याचा आवाज ऐकत बसतो, असं लिहिलंयस. त्यावर कुणीतरी तुला ‘विश्वास कमी पडतोय’ असंही ऐकवलं. त्या गृहस्थांना पुढच्या वेळी चहा पाज आणि वाटेला लाव.

शब्द संपले याची काळजी मला वाटत नाही. ज्याचं तोंड चालतं तो प्रार्थनाशील, हा आपला समज घरगुती प्रार्थनासभांनी करून दिलेला. चहा गार होईपर्यंत चालायच्या त्या प्रार्थना! कोण आजारी, कुठल्या वॉर्डात, डॉक्टर काय म्हणाले, सगळी खबर देवाला पुरवायची. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने साफ सांगितलंय की बडबड करू नका, तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. तो अध्याय आपण संडे स्कूलमध्ये पाठ केला, बक्षीस घेतलं, आणि पुन्हा खबरी द्यायला बसलो.

आपले शब्द आटले की उसने घ्यावेत, असं माझं मत. वधस्तंभावर प्रभूने काय केलं ते बघ. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बायबलातल्या स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात. प्राण सोडताना आत्मा पित्याच्या हाती सोपवला, तेही शब्द एकतिसाव्यातले. डोंगरावर बसून लोकसमुदायाला शिकवणारा तो, पण शेवटच्या घटकेला त्याने नवं काही रचलं नाही. आपल्या लोकांची जुनी गाणीच तोंडात घेतली. मग तू-मी कोण लागून गेलो?

दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यात किती रडगाणी आहेत हे रविवारच्या उपासनेवरून कळत नाही, कारण तिथे आपण बहुतेक गोड तेवढीच निवडतो. अठ्ठ्याऐंशीवं काढून वाच. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी वळण घेतात, आभार मानतात. हे घेतच नाही. अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. बाबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर तुला जे वाटतं ते देवापुढे बोलायची परवानगी आधीच मिळालेली आहे, एवढं यावरून नक्की समजतं.

रागाचंही तसंच. कॅथलिक लोकांच्या नित्यप्रार्थनेत चार आठवड्यांच्या चक्रात जवळजवळ सगळी स्तोत्रसंहिता म्हटली जाते, पण ५८, ८३ आणि १०९ ही शाप देणारी स्तोत्रं वगळलेली आहेत. मला मात्र १०९ लागतं. ऑफिसात एकाने माझ्या कामावर आपलं नाव लावलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी खरडण्याऐवजी ते स्तोत्र दार लावून मोठ्याने वाचलं. त्या माणसाचं काही वाकडं झालं नाही. मला झोप लागली.

आता जागेचं. प्रार्थना करताना ‘आपल्या खोलीत जा व दार लाव’ हे त्याच सहाव्या अध्यायातलं सांगणं वन बीएचकेत कसं जमायचं? पहाटे पाणी येतं, आई पिंपं भरते, कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. माझी खोली म्हणजे घणसोलीची लोकल. ठाण्याला चढायचं, चौथी सीट मिळाली तर अर्धं अंग बाहेर ठेवून बसायचं, आणि एकच ओळ ओठांतल्या ओठांत म्हणायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनात ध्रुवपद फिरून फिरून येतं ना, तशी ती घोळवायची. डावीकडे पारसिकचा डोंगर जातो, ऐरोलीला धक्काबुक्की होते, रबाळ्याला मन ईएमआयमध्ये गेलेलं असतं. ओळ पुन्हा धरायची. मन भटकलं म्हणून स्वतःला कोसत बसू नकोस, त्यात आणखी दोन स्टेशनं जातात.

यात चमत्कारिक काही घडत नाही, हेही सांगून ठेवतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची गोष्ट निघाली की सगळे १९०५ चं संजीवन, म्हणजे तिथली धर्मजागृती, सांगतात, मुलींचं रडणं, रात्रभर चाललेल्या प्रार्थना. पण त्याच रमाबाई नंतर वर्षानुवर्षं केडगावला हिब्रू-ग्रीक समोर ठेवून बायबलचं एकेक वचन मराठीत आणत बसल्या, १९२२ साली देह ठेवीपर्यंत. मला हे बसणं जास्त ओढ लावतं. ते सांगायला कुणी कन्व्हेन्शनमध्ये उभं राहत नाही, हा भाग वेगळा.

तू सुरुवात तेराव्या स्तोत्राने कर. सहाच वचनं आहेत, आणि पहिलंच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असं विचारतं. मनात नको, ओठ हलू देत. डायलिसिसच्या चार तासांत बाहेरच्या बाकड्यावर बसतोस ना, तिथेच. शेवटच्या वचनातलं गाणं घशातून निघालं नाही तर चौथ्यापर्यंत थांब. उरलेलं आम्ही इथे म्हणतो. बुधवारच्या सभेत बाबांचं नाव घेतो, वॉर्ड नंबर न सांगता.

बाबांना जमत असेल तर त्यांनाही ऐकव. त्यांची जुनी प्रत बारीक टायपाची आहे, मोठ्या अक्षरांची मी पुढच्या शनिवारी येताना आणतो. काकूंना सांग, जेवायला थांबणार आहे.

तुझाच,
पक्या