एचआरचा प्रकल्प बाइंडिंगला टाकण्यापूर्वी

महोदय,

एमबीए (एचआर), एमपीएम, एमएलएस या मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांचे प्रकल्प जमा करण्याचे दिवस आले की बाइंडिंगच्या दुकानात सोनेरी अक्षरांच्या ब्लॅक बुकांची, म्हणजे बांधलेल्या प्रकल्पवह्यांची, चळत लागते. बहुतेकांत विषय एकच असतो, 'अमुक कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास'. नमुना पन्नासांचा, प्रश्न वीस, पाय-चार्टही वीस आणि निष्कर्ष 'बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत'. वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक विचारतात, "पन्नासच का?" आणि तिथेच गाडी अडते.

खरे तर हे उत्तर टाइम ऑफिसच्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, असते. समजा कंपनीत 400 माणसे आहेत. एकूण संख्येला '1 अधिक संख्या गुणिले त्रुटीचा वर्ग' याने भागण्याचे, नमुन्याचा आकार ठरवणारे यामाने यांचे सूत्र लावले, तर 5 टक्के त्रुटीला 200 जणांचा नमुना लागतो आणि 10 टक्क्यांना 80 जणांचा. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये 80 झेपतात. मात्र 10 टक्के त्रुटी मान्य केल्याचे प्रकल्पात स्वच्छ लिहावे. त्या 400 पैकी 240 कंत्राटी असतील तर 80 पैकी 48 कंत्राटीच हवेत. ऑफिसातल्या ओळखीच्या पन्नास जणांकडून फॉर्म भरून घेतले, तर तो अभ्यास शॉप फ्लोअरचा, म्हणजे यंत्रांवरच्या कामगारांचा, होत नाही.

प्रश्नावलीत सर्वांत जास्त घोळ होतो. 'पगार व बढतीबाबत आपण समाधानी आहात का?' हे दोन प्रश्न आहेत. पगारावर खूश आणि बढतीवर नाराज असलेल्या माणसाने टिक कुठे करायची? चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात इंग्रजी फॉर्म वाटला, तर सुपरवायझर तो 'समजावून' सांगतो आणि उत्तरे त्याचीच येतात. मराठी आणि हिंदी प्रती आधी काढाव्यात, दहा जणांवर तपासाव्यात, अडखळलेले प्रश्न बदलावेत. ऑनलाइन फॉर्मची लिंक एचआर मॅनेजरने कंपनीच्या ग्रुपवर टाकली आणि फॉर्म ईमेलही मागत असला, की सगळे 'सहमत' होतात. नाव, टोकन नंबर, ईमेल काहीच मागू नये.

आकडेमोडीतही नेहमीची एक ठेच आहे. पाच पर्याय आणि चार विभाग म्हणजे तक्त्याचे वीस रकाने. पन्नास उत्तरांत एका रकान्याला सरासरी अडीच येतात, आणि काय-वर्ग चाचणीला (दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या) प्रत्येक रकान्यात अपेक्षित वारंवारता साधारणपणे पाच तरी हवी. पर्याय एकत्र करून दोनच ठेवावेत किंवा चाचणी लावूच नये. गळतीचा, म्हणजे नोकरी सोडण्याचा, दर काढताना सोडून गेलेल्यांच्या संख्येला वर्षअखेरच्या नव्हे, सरासरी मनुष्यबळाच्या संख्येने भागायचे असते. सुरुवातीला 240, अखेरीस 260, गेले 45, तर दर 18 टक्के. कंत्राटी माणसे वरच्या आकड्यात धरली आणि खालच्या आकड्यात वगळली, तर दर विनाकारण फुगतो.

यंदा सर्वाधिक गुण कायद्याच्या प्रकरणात जातील असे दिसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. तरीही 1947 चा औद्योगिक विवाद कायदा चालू कायदा म्हणून जुन्या वह्यांतून जसाच्या तसा उतरतो आहे. माहिती त्या तारखेआधीच्या काळाची असेल तर जुना कायदा सांगावाच, पण नवी तरतूद शेजारी हवी. नव्या संहितेतील वेतनाची व्याख्या उदाहरणाने मांडावी. एकूण मोबदला 30,000, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 10,000, घरभाडे व इतर भत्ते 20,000. वेतनातून वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असल्याने वरचे 5,000 वेतनात मिळतात आणि वेतन 15,000 धरले जाते. दहा वर्षांची ग्रॅच्युइटी 15/26 च्या हिशेबाने (दर वर्षाला 15 दिवसांचे वेतन, महिना 26 दिवसांचा) 10,000 वर 57,692 रुपये होते, 15,000 वर 86,538. एवढा एक तक्ता दहा पानांच्या 'सैद्धांतिक पार्श्वभूमी'पेक्षा वजनदार ठरतो. मुदतबंद (ठरावीक मुदतीच्या करारावरील) कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, स्थायी आदेशांसाठी (आस्थापनेतील सेवाशर्तींच्या लेखी नियमांसाठी) 300 कामगारांची मर्यादा, हेही तोंडपाठ असावे.

उचलेगिरीबाबत यूजीसीचे 2018 चे नियम पदव्युत्तर प्रबंधालाही लागू आहेत. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, 10 ते 40 मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत, 40 ते 60 मध्ये सुधारित प्रत देण्यास वर्षभर बंदी, 60 च्या वर नोंदणीच रद्द. मागच्या बॅचच्या वहीत कंपनीचे नाव बदलून काम भागवणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत. पगारपत्रकाचे फोटो परिशिष्टात लावण्याची एक नवीच खोड आहे. त्यात नावे आणि पीएफ क्रमांक उघडे राहतात. ते झाकावेत, शक्यतो लावूच नयेत.

दोष केवळ मुलांचा नाही. गाइड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, सही करतात ती बहुधा शेवटच्या आठवड्यात, सगळे छापून झाल्यावर. महाविद्यालयांनी तीन वेळा सही सक्तीची करावी: प्रश्नावली वाटण्याआधी, भरलेली एक्सेल शीट हाती आल्यावर आणि छपाईपूर्वी. दुसऱ्या सहीच्या वेळी गाइडने कोणतेही पाच फॉर्म काढून शीटशी ताडून पाहावेत. घरी बसून भरलेले फॉर्म तेव्हाच ओळखू येतात, कारण त्यांत एकही रकाना कोरा नसतो.

— मनुष्यबळ व्यवस्थापनाचे दोन बहिःस्थ परीक्षक, पुणे