तांबडीच्या निमित्ताने आई-बाबांना

ठाणे,
आषाढ, गुरुवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता, मागून कोंबडे बांग देतात आणि शेवटी ‘बघू मग’ एवढ्यावर विषय संपतो. म्हणून लिहूनच पाठवतेय. दादा शनिवारी दिवाळे गावात तुमच्याकडे येईल, त्याच्या हाती हे पत्र आणि एक डबा देते. डबा कोंबड्यांच्या औषधपाण्याचा आहे. त्यातलं बेटाडीन बाबांनी दाढी करताना कापलं म्हणून काढायचं नाही.

जखमेत किडे पडलेली आपली तांबडी कोंबडी दाणे टिपायला लागली हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण पावसाळा अजून अर्धासुद्धा झालेला नाही, आणि बाकीच्या कोंबड्या त्याच अंगणात, त्याच चिखलात फिरतायत.

आई, तू म्हणत होतीस ती खुडूक झालीय, म्हणजे अंड्यांवर बसायला आलीय. खुडूक कोंबडी अंग फुगवून बसते, जवळ गेलं की गुरगुरते, टोचायला येते. तांबडी पपईखाली शेपटी पाडून गप्प उभी होती. उचलली तरी ओरडली नाही, आणि उचलल्याबरोबर वास आला. शेपटीखालची पिसं घाणीने चिकटून टणक झाली होती. ती कापली तर खाली रुपयाएवढी जखम आणि तीत अळ्यांची नुसती वळवळ. वर दिसत होत्या त्याहून जास्त कातडीखाली शिरलेल्या होत्या. वॉर्डात इतकी वर्षं ड्रेसिंग करूनही माझ्या पोटात कालवलं.

हे काम हिरव्या माशीचं. तिला ओली, घाण लागलेली पिसं किंवा उघडी जखम मिळाली की ती तिथे अंडी घालते, तांदळाच्या कण्या चिकटून बसाव्यात तशी, पिवळट-पांढरी. आपल्याकडच्या उकाड्यात ती दिवसभरात फुटतात आणि अळ्या लगेच खायला लागतात. सकाळी धड दिसणारी कोंबडी दुसऱ्या संध्याकाळी उठत नाही, ती यामुळे. त्यात कोंबडीची जात दुखणं लपवणारी. ती बाजूला उभी राहिलेली दिसते तोवर उशीर झालेला असतो. म्हणून यात ‘उद्या बघू’ चालत नाही, एवढं एक माझं ऐका.

बाबा, तुम्ही फिनेलची बाटली घेऊन आलात आणि मी ओरडले, त्याचा राग तुमच्या मनात अजून असेल. उरणला मामांच्या बैलाच्या खांद्याला किडे पडायचे तेव्हा टर्पेंटाइनचा बोळा ठेवायचे, हे मीही पाहिलंय. हॉस्पिटलातही माणसाच्या जखमेतल्या अळ्या बाहेर काढायला टर्पेंटाइन वापरतात. पण बैल कुठे आणि दोन किलोची कोंबडी कुठे! तिची कातडी कागदासारखी पातळ. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन तिला भाजतं आणि अंगात मुरतं. अळ्या मरतील, पाठोपाठ कोंबडीही मरेल. आई, हळद वरवर खरचटलं असेल तर लाव, पण खोल जखमेत कोंबू नकोस. तिचा घट्ट थर बसतो आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. घरातलं बधिर करणारं मलमही नको. ट्यूबवर लिग्नोकेन वगैरे लिहिलेलं असतं, ते पक्ष्यांना जरा जास्त झालं तरी झेपत नाही.

आता डबा उघडा. त्यात सलाईनच्या बाटल्या आहेत. त्या संपल्या तर एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात चहाचा दीड चमचा मीठ विरघळवा, सपाट चमचा, शीग लावून नाही. कोंबडीला जुन्या टॉवेलात गुंडाळायचं, डोकं झाकायचं म्हणजे ती शांत राहते. आधी जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका, उपटलं की रक्त येतं. मग बिनसुईच्या सिरिंजने पाणी जोरात मारत राहायचं. पाणी कातडीखाली गेलं की लपलेल्या अळ्या श्वासासाठी वर येतात. त्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, अंगणात नाही. कापूस वापरू नका, त्याचे धागे जखमेत अडकतात, म्हणून गॉझ दिलंय. शेवटी बेटाडीन, तेही पाण्यात घालून, पाण्याला जेमतेम तपकिरी रंग येईल एवढंच. नंतर कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं. आपण तांबडीला वहिनीच्या ड्रायरने मंद वाऱ्यावर सुकवलं तेव्हा शेजारच्या काकू हसत होत्या. हसू देत. ओली कोंबडी गारठते, आणि ओल्या पिसांवर माशी पुन्हा बसते.

एकदा धुऊन काम संपत नाही. संध्याकाळी परत बघायचं, दुसऱ्या दिवशी परत, कारण एखादं अंडं राहिलं तरी सगळं पहिल्यापासून. तोवर तिला घरातच ठेवायचं, खाली तुसाऐवजी पांढरं फडकं, म्हणजे अळी पडली तर लगेच दिसते. वरून मच्छरदाणीचा तुकडा. बाकीच्यांत सोडायची नाही. लाल जखम दिसली की कोंबड्या तिथेच टोचत राहतात, सख्ख्या बहिणी असल्या तरी. जखम भरून खपली धरली की रात्री, सगळ्या बसलेल्या असताना, तिला खुराड्यात ठेवा. सकाळी भांडणं कमी होतात.

राहिला प्रश्न रोज बघायचं कसं. आई, तुझा मोतीबिंदू आणि बाबांचे गुडघे, दोन्ही मला माहीत आहेत. कोंबड्यांमागे अंगणात धावायचंच नाही. अंधार पडला की त्या दांडीवर बसतात आणि त्यांना नीट दिसत नाही, तेव्हा एकेक सहज हातात येते. बाबांनी स्टुलावर बसून धरायची, आईने शेपटीखाली बोट फिरवायचं. पिसं कोरडी आणि मऊ लागली तर सोडून द्या. चिकट, ओलं, टणक लागलं किंवा वास आला तर टॉर्च लावायचा आणि मला फोन. आई, तुझं नाक अजून शाबूत आहे. बांगडा शिळा असला तर तुला दारातून कळतं.

तांबडीच्या बाबतीत मूळ कारण ढाळ होतं. पाऊस सुरू झाल्यापासून तिची शेपटी सतत भरलेली होती. डॉक्टरांनी दिलेलं जंताचं औषध सगळ्या माद्यांना, त्यांनी सांगितलं तसंच द्या. खुराड्यातला तूस ओला झाला की काढायचाच, वाळेल म्हणून वाट बघायची नाही. आणि मासे साफ केलेलं पाणी खुराड्यापाशी ओतणं आजपासून बंद. आतडी कोंबड्या खातात हे खरं, पण उरलेल्यावर माशा येतात, त्या तिथेच राहतात.

पुन्हा असं झालं आणि अळ्या पार आत, अंडं येतं त्या वाटेत गेलेल्या असतील, किंवा कोंबडी पाणीच पीत नसेल, तर घरी खटपट करू नका. बेलापुरात डॉक्टर मिळाले नाहीत तर दादा गाडीने परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, जनावरांच्या दवाखान्यात, नेईल. त्यांनी ‘आता सोडवा हिला’ म्हटलं तर ऐकायचं, हट्ट करायचा नाही. आणि एक वेगळी गोष्ट. एकीच्या जखमेत किडे पडणं हे तिच्यापुरतं असतं. पण दोन-चार कोंबड्या एकदम, जखम नसताना मरायला लागल्या तर हात लावू नका, मला आणि सरकारी दवाखान्याला कळवा. २०२२च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात, बर्ड फ्लू निघाला होता. तेव्हा बाबा मेलेल्या कोंबड्या खाडीत टाकायच्या गोष्टी करत होते, मला आठवतंय.

औषध चालू आहे तोवर तांबडीची अंडी खायची नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेवर मी तुमच्या कॅलेंडरवर लाल खूण केलीय. कामवालीलाही देऊ नका.

आता बाबांना न आवडणारा विषय. काळीची पाठ बघितलीत? पिसं गेलीत आणि कातडीवर ओरखडे आहेत. माशीला पुढची जागा तीच. ते मांजराचं काम नाही, आपल्या दोन नरांचं आहे. पाच कोंबड्यांना दोन नर म्हणजे त्यांची पाठ सोलून निघणारच. एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो. काळीला थोडे दिवस वेगळी ठेवा, ओरखड्यांवर तेच पातळ बेटाडीन लावा, आणि नरांच्या पायामागचा काटा दादाला बोथट करायला सांगा, अगदी टोकाशीच, आत रक्तवाहिनी असते. पण खरा इलाज एक नर कमी करणं हाच आहे. तुम्ही म्हणाल दोघं लहानपणापासून हातातले आहेत. असतील. गटारी तोंडावर आलीय, आणि त्या दोघांना कुठलंही औषध दिलेलं नाही. तुरेवाला की पांढरा, ते तुम्ही ठरवा. मी त्या दिवशी ड्युटी बदलून घेतलीय. वडे आईने करावेत.

तुमची,
बाय